हाड जुळते, मग गुडघ्याची झीज का भरून येत नाही? हाडातल्या आणि कूर्चेतल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात

गेल्या पावसाळ्यात राजगुरुनगरच्या माझ्या दवाखान्यात मायलेक एकत्र आले होते. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर कामाला. पुणे-नाशिक रस्त्यावर मोटारसायकल घसरून त्याची नडगी मोडली होती. ऑपरेशन करून नळीत रॉड घातला होता आणि चार महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये हाड छान जुळलेले दिसत होते. आई साठीच्या पुढची, शेतात राबलेली, दोन्ही गुडघे दहा वर्षांपासून दुखणारे. मुलाचा एक्स-रे बघून झाला तशी ती म्हणाली, "डॉक्टर, ह्याचं मोडलेलं हाड चार महिन्यांत जुळलं. माझी नुसती वाटी झिजलीय, ती का भरून येत नाही?"

कॉलेजात आम्हाला याचे एका ओळीचे उत्तर शिकवले होते: कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती भरून येत नाही. ते खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे उत्तर पेशी एकमेकींना निरोप कसे देतात यात आहे. ते समजले की गुडघेदुखीत घरी बसून राहावे की चालावे, स्टेरॉइडच्या गोळ्यांना डॉक्टर एवढे का घाबरतात, सहा महिन्यांचे इंजेक्शन का चुकवू नये, हे प्रश्न पुष्कळसे सुटतात.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. आपण ‘वाटी झिजली’ म्हणतो, पण वाटी म्हणजे गुडघ्याच्या पुढचे गोल हाड. झिजते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे कार्टिलेज. मटणातली नळी पाहिली असेल तर तिच्या टोकाला पांढरा, चकचकीत, गुळगुळीत थर असतो, तो हाच. मोठ्या माणसाच्या गुडघ्यात तो जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतो.

हाडातले कालवे

हाड म्हणजे शरीरातला दगड, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यात पेशींची मोठी वस्ती असते. हाड बांधणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात, हाड कुरतडून काढणाऱ्यांना ऑस्टिओक्लास्ट. बांधणाऱ्यांपैकी काही जणी स्वतःच ओतलेल्या मालात गाडल्या जातात आणि तिथेच वर्षानुवर्षे जगतात. त्या ऑस्टिओसाइट. प्रौढ माणसाच्या हाडातल्या शंभर पेशींपैकी नव्वदहून अधिक याच असतात, आणि एका अंदाजाप्रमाणे साऱ्या सांगाड्यात त्यांची संख्या सुमारे ४,२०० कोटी आहे. पूर्वी या पेशी निवृत्त होऊन पडून असतात असे मानत. आता आपल्याला माहीत आहे की हाडाचा सगळा कारभार त्याच बघतात.

गाडलेली पेशी कारभार कसा बघते? तिला चहूबाजूंनी डझनावारी बारीक हात फुटलेले असतात. ते हात हाडातल्या सूक्ष्म नळ्यांतून शेजारणीच्या हातापर्यंत पोचतात. जिथे दोन हात भेटतात तिथे दोघींच्या आवरणांत आरपार छिद्रे असतात आणि त्यांतून कॅल्शियमसारखे छोटे कण थेट या पेशीतून त्या पेशीत जातात. एकीला कळलेले दहाव्या घरापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

या नळ्यांत पाणीही असते. आमच्या खेड तालुक्यातल्या माणसाला हे चित्र अवघड वाटू नये: चासकमानचा कालवा, त्याच्या चाऱ्या, पोटचाऱ्या, आणि शेवटी वाफ्यात शिरणारे पाणी. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा हाड अगदी किंचित, डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतके वाकते. एका बाजूला दाब पडतो आणि नळ्यांतले पाणी दुसऱ्या बाजूला सरकते. हा प्रवाह हातांवरून गेला की ऑस्टिओसाइटला कळते की इथे वजन पडत आहे. मग ती निरोप धाडते.

त्यातले दोन निरोप माहीत असावेत, कारण त्यांच्यावर आज औषधे आहेत. पहिला स्क्लेरोस्टिन नावाचा पदार्थ. हा बांधकामाचा ब्रेक आहे. वजन पडले की ऑस्टिओसाइट तो कमी सोडते आणि बांधकाम सुरू होते. माणूस अंथरुणाला खिळला की ब्रेक दाबलेला राहतो. अवकाशात वजनच नसते, तिथे अंतराळवीरांच्या कमरेच्या आणि मांडीच्या हाडांतून महिन्याला शेकडा एक ते दीड इतके हाड कमी होते, तेही रोज व्यायाम करून. दक्षिण आफ्रिकेतल्या काही डच वंशाच्या कुटुंबांत स्क्लेरोस्टिन जन्मतःच तयार होत नाही आणि त्यांची हाडे विलक्षण जाड व घट्ट होतात. कवटीतले हाड वाढून नसा दाबल्या गेल्याने ऐकू न येण्यासारखे त्रासही त्यांना होतात. त्या कुटुंबांच्या अभ्यासातून २००१ साली यामागचा जनुक सापडला आणि पुढे स्क्लेरोस्टिन अडवणारे रोमोसोझुमॅब हे औषध आले. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

दुसरा निरोप रँकएल. हा कुरतडणाऱ्या पेशींना दिलेला बोलावा. रोजच्या वापराने हाडात केसाहून बारीक भेगा पडतात आणि नळ्या तुटतात. तिथल्या ऑस्टिओसाइट मरतात आणि भेगेच्या कडेच्या शेजारणी रँकएल सोडून कुरतडणाऱ्यांना नेमके त्याच जागी बोलावतात. त्या येतात, दोन-तीन आठवडे जुने खराब हाड काढतात, मागोमाग बांधणाऱ्या येऊन तीन-चार महिन्यांत नवे भरतात. अशी डागडुजी सगळ्या सांगाड्यात सतत चालू असते आणि वर्षाला साधारण दहावा हिस्सा हाड बदलून जाते. बोलावा जास्त होऊ नये म्हणून ओपीजी नावाचा पदार्थ रँकएलला मधल्या मध्ये पकडून ठेवतो.

बायकांच्या शरीरातले इस्ट्रोजेन या ओपीजीच्या बाजूने असते. पाळी गेली की ते कमी होते, कुरतडणाऱ्या मोकाट सुटतात आणि हाडे ठिसूळ होतात. आपल्याकडे चाळिशीच्या आतच ‘पिशवी काढलेल्या’ बायका कमी नाहीत. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली असतील तर हा काळ दहा-पंधरा वर्षे आधी सुरू होतो. अशा ताईंनी डॉक्टरांना ते आपणहून सांगावे, आम्ही विचारायला विसरतो.

ठिसूळ हाडांसाठी दर सहा महिन्यांनी देतात ते डेनोसुमॅबचे इंजेक्शन रँकएललाच अडवते. ते गुणकारी आहे, पण त्याचा एक स्वभाव लक्षात ठेवा. औषध आहे तोवर बोलावा दबलेला असतो. इंजेक्शन चुकले किंवा ‘आता बरे वाटतेय’ म्हणून सोडले की दाबून धरलेला बोलावा एकदम उसळतो आणि काही रुग्णांचे पाठीचे मणके पाठोपाठ दबतात. थांबवायचे असेल तर डॉक्टरांना विचारून त्याच्या जागी दुसरे औषध सुरू करून थांबवायचे.

आता मुलाची नडगी. हाड मोडते तेव्हा रक्तवाहिन्याही तुटतात आणि तिथे रक्ताची गाठ जमते. या गाठीतल्या पेशी सुरुवातीचे निरोप सोडतात, हाडावरच्या पातळ आवरणातल्या आणि मज्जेतल्या मूळ पेशी धावून येतात. पहिल्या काही आठवड्यांत त्या बहुतेक ठिकाणी हाड बनवतच नाहीत, कूर्चा बनवतात! ती कूर्चा तुटलेली टोके धरून ठेवते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू तिचे हाड होते. म्हणजे शरीराला साठीतही कूर्चा बनवता येते. त्यासाठी रक्त, निरोप आणि धावून येणाऱ्या पेशी तिन्ही लागतात. बिडी-सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, म्हणून त्या मुलाची सिगारेट मी पहिल्याच भेटीत बंद करायला सांगितली होती. त्याने ती किती पाळली हे त्याच्या आईला माहीत.

कूर्चेतली एकटी पेशी

सांध्यातल्या कूर्चेची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि नसही नाही. शंभर भाग कूर्चेत पेशींचा वाटा जेमतेम एक ते पाच भाग, बाकी सगळे पाणी, कोलॅजेनचे धागे आणि पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. प्रत्येक पेशी, तिला कॉन्ड्रोसाइट म्हणतात, आपापल्या खोबणीत एकटी बसलेली. हाडातल्या पेशीसारखे लांब हात तिला नाहीत, शेजारीण लांब आहे.

तरीही ती बोलते. तिचा निरोप मधल्या घट्ट गादीतून झिरपत जातो, आणि झिरपवायला दाब लागतो. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा कूर्चा दबून पाणी बाहेर पिळले जाते. पाऊल उचलता तेव्हा ती पुन्हा पाणी शोषते. सांध्यातल्या द्रवातून अन्न येते ते याच मार्गाने आणि पेशींचे निरोपही असेच हलतात. शिवाय प्रत्येक पेशीभोवतीच्या पातळ वेष्टनात वाढीचे काही पदार्थ बांधून ठेवलेले असतात, दाब पडला की ते सुटतात आणि पेशीला कामाला लावतात. पेशीच्या आवरणावर दाबाने उघडणाऱ्या खिडक्याही असतात. थोडक्यात, कूर्चेला चालणे हेच टपाल आहे. कमरेखाली लकवा झालेल्या रुग्णांची गुडघ्यातली कूर्चा काही महिन्यांत पातळ होते, असे तपासण्यांत दिसले आहे. गुडघा दुखतो म्हणून महिनोन्‌महिने बसून राहिलेल्या माणसाचे त्याच दिशेने नुकसान होते.

पण हे टपाल मंद असते आणि पोचायला पेशीही थोड्या असतात. कूर्चेत भेग पडली तर रक्ताची गाठ जमत नाही, धावून येणाऱ्या पेशी येत नाहीत. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ साली एक नामी युक्ती वापरून हे तपासले. गेल्या शतकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा अंश कोलॅजेनमध्ये मोजून त्यांनी त्याचे वय काढले. गुडघ्यातल्या कूर्चेचे कोलॅजेन वाढीच्या वयात तयार होते आणि नंतर जवळजवळ बदलत नाही, असे निघाले. त्या मावशींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मुलाच्या हाडात अजून रोज डागडुजी चालू आहे आणि त्यांच्या गुडघ्यातले धागे त्यांच्या मुलीपणीचे आहेत.

वाढीच्या वयात मात्र कूर्चेतला संवाद जोरात असतो. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते आणि तिच्यातल्या पेशी दोन निरोपांची देवाणघेवाण करून ठरवतात की किती जणींनी विभागत राहायचे आणि किती जणींनी हाडाला जागा करून द्यायची. उंची वाढते ती या पट्टीत. वय झाले की पट्टी बंद होते. त्यानंतर उंची वाढवणारी कोणतीही पावडर म्हणजे पैसे वाया.

निरोप बिघडतात तेव्हा

संधिवातात, म्हणजे ज्याला आम्ही ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतो त्यात, कूर्चा टायरसारखी नुसती घासून जात नाही. जास्त वजन, जुनी इजा किंवा वाकडा पाय यांमुळे एका जागी दाब मर्यादेबाहेर जातो आणि पेशींचा सूर बदलतो. त्या स्वतःभोवतीची गादी पचवणारी विकरे सोडू लागतात. गादीचे तुटलेले तुकडे हा शेजारणींसाठी आणखी एक वाईट निरोप ठरतो, त्याही विकरे सोडतात. तुकडे सांध्याच्या अस्तरापर्यंत गेले की अस्तर सुजते आणि दाहाचे पदार्थ कूर्चेवर सोडते. खालचे हाडही गप्प बसत नाही, ते जाड होते आणि कडांना काटे फुटतात. कूर्चेत नस नसल्याने दुखणे येते ते अस्तरातून, हाडातून आणि भोवतालच्या स्नायूंतून. म्हणूनच एक्स-रे फार वाईट आणि दुखणे कमी, किंवा उलट, असे रोज दिसते. नुसत्या एक्स-रेवरून ‘गॅप संपला, बदलून टाका’ असे कोणी म्हणाले तर दुसरे मत जरूर घ्या.

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, भांडण बाहेरून येते. शरीराचीच संरक्षक यंत्रणा अस्तरात तळ ठोकते आणि तिथून रँकएलचा बोलावा थेट हाडात जातो. हाताच्या बोटांची हाडे कुरतडली जातात. दोन्ही आजार वेगळे, औषधे वेगळी. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड पद्धतीने घरोघर पाहणी केली होती. ४,०९२ प्रौढांपैकी शेकडा अठरा जणांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे निघाले. शेकडा सहाच्या आसपास लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता, तर आमवात दोनशेत साधारण एकाला. गावातल्या दुखण्यांपैकी फार थोडी दुखणी आमवाताची असतात, पण त्या एकाला उशीर परवडत नाही. सकाळी उठल्यावर बोटे अर्धा-एक तास आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजत असतील आणि हे सहा आठवडे चालले असेल, तर मलमावर वेळ घालवू नका.

आता स्टेरॉइड. हे औषध वाईट नाही, दम्यात आणि कोविडमध्ये त्याने जीव वाचले आहेत. पण हाडातल्या संवादावर ते सगळीकडून घाव घालते: बांधणाऱ्या पेशी कमी करते, बोलावा वाढवते, ओपीजी घटवते आणि ऑस्टिओसाइट मारते. मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा यात सर्वांत आधी सापडतो, कारण त्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा. आतल्या पेशी मेल्या तरी वरची कूर्चा काही काळ शाबूत असते, तिला तिचे अन्न सांध्यातल्या द्रवातून मिळत राहते. मग एक दिवस खालचे मेलेले हाड खचते आणि कूर्चा त्यात कोसळते. याला एव्हीएन म्हणतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोविडनंतरचे असे तीन रुग्ण प्रसिद्ध केले. एव्हीएन व्हायला एकूण सुमारे २,००० मिलिग्रॅम स्टेरॉइड लागते असे आधीच्या नोंदींवरून मानले जाई. या तिघांत सरासरी ७५८ मिलिग्रॅमच गेले होते आणि कोविडचे निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत दुखणे सुरू झाले होते. लवकर पकडल्याने त्यांच्यावर हाडाची कुरतड थांबवणाऱ्या औषधांनी उपचार झाले.

माझी खरी काळजी वेगळी आहे. सांधेदुखीवर पुडीत बांधून दिलेल्या, नाव नसलेल्या गोळ्या. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो, चेहरा गोल होतो, भूक वाढते, आणि लोक महिनोन्‌महिने त्या घेत राहतात. अशा गोळीत बहुधा स्टेरॉइड असते. ती चालू असेल तर मनानेच एकदम बंदही करू नका, त्याने रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. घेऊन या, आपण हळूहळू कमी करू.

मावशींना मी काय सांगितले

वजन पाच किलो कमी करा. अभ्यासात असे दिसले आहे की एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली सोडायचा. प्रत्येक पायाचे दहा-दहा, दिवसातून दोनदा. मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला की कूर्चेवरचा धक्का तो झेलतो. सपाट रस्त्यावर रोज चालायचे, सुरुवातीला दहा मिनिटे. थोडे दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच असेल तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजायचे. उकिडवे बसून निवडणे-टिपणे बंद, पाटावर किंवा स्टुलावर बसायचे, जमल्यास कमोड.

"ग्रीस वाढवायच्या गोळ्या लिहून द्या की," असे त्या म्हणाल्याच. ग्लुकोसामाइनच्या मोठ्या चाचण्यांत एकूण रुग्णांना खोट्या गोळीपेक्षा ठळक फायदा दिसलेला नाही, म्हणून मी लिहून दिल्या नाहीत. त्या पैशात दूध आणि डाळ येते. रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी बाहेर वाढवून परत बसवण्याची पद्धत आहे, स्वीडनमध्ये १९९४ साली तिचे पहिले निकाल छापून आले. पण ती तरुण माणसाच्या छोट्या खड्ड्यासाठी आहे, सगळा गुडघा झिजला असेल तर नाही. झोप मोडण्याइतके दुखत असेल आणि घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल, तर सांधा बदलण्याचा विचार करायला हरकत नाही.

मुलालाही एक गोष्ट सांगितली, कारण तो कोविडमध्ये आठवडाभर दवाखान्यात दाखल होता. कधीही स्टेरॉइड घेतलेल्या माणसाला जांघेत दुखू लागले, लंगडल्यासारखे चालावे लागले किंवा मांडी घालून बसताना कळ आली, तर ‘कंपनीत उभे राहून दुखत असेल’ म्हणून सोडून देऊ नये. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्ये कळते. तपासायला येताना डिस्चार्ज कार्ड आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत आणा. पुडीतल्या गोळ्या असतील तर त्याही आणा, रागावणार नाही.